सोळाव्या जागेसाठी तीस चेंडू

मी एक जुना बेसबॉलचा ग्लोव्ह आहे, मित्रांनो, आणि स्वभावाने संशयी आहे. माझ्यात हात घालणाऱ्याची बोटं घाबरलेली आहेत की तयार, हे मला आतून कळतं. ते कळेपर्यंत मी कोणावर विश्वास ठेवत नाही.

मेरठच्या एका कारखान्यात मला शिवलं. तिथून दहा भावंडांबरोबर पोत्यातून फैजपूरच्या एका शाळेत आलो. पहिली चार वर्षं मी संघाच्या सर्वांत चांगल्या मुलीच्या हातात होतो. लोक टाळ्या वाजवत, मी फुगत असे. मग अंगठा आणि तर्जनी यांना जोडणारी माझी चामडी दोरी तुटली. नवे ग्लोव्ह आले आणि मला राखीव मुलींकडे दिलं गेलं. राखीव मुली मैदानावर कमी आणि बाकावर जास्त असतात. मीही त्यांच्या मांडीवर पडून राहायला शिकलो.

यंदा विभागीय स्पर्धा धुळ्याला होती. सोळा मुली जाणार होत्या. पंधरा नावं ठरली आणि सोळावं अडलं. हेमराज सरांची निवडीची एक पद्धत होती. प्रत्येक राखीव मुलीच्या नावापुढे ते तिचं एकच काम लिहीत. कोणी धावण्यासाठी, कोणी फटक्यासाठी. आमच्या खेळात एकदा बाहेर काढलेली खेळाडू त्या सामन्यात परत येत नाही, म्हणून बदली विचारपूर्वक करावी लागते. सोळाव्या नावापुढे सरांनी लिहिलं होतं, 'शेवटच्या डावात झेल'.

त्या जागेसाठी दोघी होत्या. दिपमालाचा फटका कुंपणापर्यंत जाई, पण तिच्या हातून चेंडू निसटत. कामिनीला बॅट जमत नसे. दोघींचंही वयोगटातलं हे शेवटचं वर्ष होतं. जी मागे राहील ती कायमची मागे राहील.

निवडीच्या आदल्या शनिवारी कामिनीने मला गुपचूप दप्तरात टाकलं. मला वाटलं, ही मला चोरते आहे. घरी केळीच्या बागेत तिने माझी तुटलेली जागा सोपटाने बांधली. सोपट म्हणजे केळीच्या खांबाची साल. आमच्याकडे घडापासून गोठ्याच्या फाटकापर्यंत सगळं तिनेच बांधतात, पण वाळलेल्या सालीने. कामिनीने घाईत ओलीच ओढून घेतली. त्या सालीचा चीक माझ्या तळव्यात उतरला आणि काळा डाग पडला. तळवा मलाच चिकट वाटू लागला. चेंडू चिकटावा म्हणून हिने हे मुद्दाम केलं असेल का, हा विचार माझ्या मनातून जाईना.

सोमवारी सरांनी प्रत्येकीला तीस चेंडू दिले. दिपमालाने आपल्या ग्लोव्हने एकोणीस धरले. कामिनीने माझ्यात अठ्ठावीस धरले.

"अठ्ठावीस?" दिपमाला म्हणाली. "इचे वीसच्या वर कधी गेले? दाखव वं तो ग्लोव्ह!"

कर्णधार रत्नाने डागावर बोट फिरवलं. "कामिनी, खरं सांग. चीक कायले लावला?"

"लावला नाही. दोरी तुटेल होती, सोपटानं बांधली."

"बॅट धरता येत नाही, अन् चालली धुळ्याले!" मागून कोणीतरी म्हणालं. सगळ्या हसल्या.

सरांनी चेंडू माझ्यात ठेवून मला उलटं धरलं. चेंडू पडला. दहा वेळा केलं, दहाही वेळा पडला.

"आता वाळला असंन, सर," दिपमाला म्हणाली. "मघा झेल घेताना ओला होता."

मित्रांनो, तिचा आक्षेप चुकीचा नव्हता. मलाही तेच वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी कामिनी ओलं सोपट घेऊन आली. सर म्हणाले, "ग्लोव्ह खराब होईल."

"होऊ द्या सर. नाहीतर मी जन्मभर खोटीच राहीन." तिने सोपट माझ्या तळव्यावर पिळलं.

ती हात घालणार, तेवढ्यात सरांनी मला दिपमालाकडे दिलं. "कामिनी मुद्दाम सोडू शकते. तू धर. चिकामुळे चेंडू चिकटत असेल तर तुझेही अठ्ठावीस व्हायला हवेत."

दिपमाला जीव तोडून धावली. तिने एकही चेंडू मुद्दाम सोडला नाही, याचा आतला साक्षीदार मीच. पण ओल्या चिकावरून चेंडू घसरत राहिला. चौदा. मग कामिनीने दिपमालाचा ग्लोव्ह घातला आणि सत्तावीस धरले. म्हणजे आजवर तिला वीसच्या खाली ठेवलं होतं ते माझ्या तुटक्या दोरीने.

दिपमालाने स्वतः वहीत आकडे लिहिले आणि वही सरांकडे दिली. सोळावं नाव कामिनीचं लागलं.

मी मात्र धुळ्याला गेलो नाही. चीक वाळून माझा तळवा पत्र्यासारखा झाला होता. त्यात हातच मिटेना.

संघ परत आल्यावर कळलं. शेवटच्या डावात एका धावेची आघाडी होती. सरांनी रत्नाला बाहेर काढून कामिनीला उभं केलं. तिच्याकडे एकही चेंडू आला नाही. सामना जिंकला.

"मंग तुले नेऊन काय उपयोग झाला?" दिपमालाने विचारलं.

"आला असता तं?" कामिनी म्हणाली.

दिपमालाने घरून शेंगदाण्याच्या तेलाची वाटी आणली आणि माझा तळवा चोळायला बसली. पहिल्या दिवशी काहीच झालं नाही. ती चौथ्या दिवशीही आली.

मित्रांनो, शंका आली तर जरूर तपासा. मोजा, उलटं धरा, पुन्हा मोजा. पण तपासताना ज्याचं नुकसान झालं, त्याला निर्दोष म्हणून नुसतं बाजूला ठेवू नका. आज सकाळी माझी दोन बोटं थोडी वाकली. बाकीच्यांना अजून वेळ लागेल.