अलार्म वाजला नाही

किडन्या निकामी झाल्यावर, १९८३च्या उन्हाळ्यात, त्र्यंबकरावांनी अमेरिकेत, एडिसन गावातल्या घरातली पाहुण्यांची खोली डायलिसिससाठी रिकामी केली. मशीन चालवायचं काम बायकोकडे, सुमित्राबाईंकडे आलं. हॉस्पिटलात त्या सहा आठवडे शिकल्या होत्या. तिथल्या नर्सने एक गोष्ट पुन्हापुन्हा बजावली होती: नळीतून हवा रक्तात गेली, तर माणूस मिनिटांत जातो. म्हणूनच मशीनला अलार्म आहे. बुडबुडा आला की तो वाजतो आणि पंप थांबतो.

पण तो उगाचच वाजायचा. त्र्यंबकराव इंजिनियर, त्यांना ती कटकट सहन होईना. ऑक्टोबरात अलार्म वाजेनासा झाला. सुमित्राबाईंना वाटलं, आपला हात बसला.

एका शनिवारी दुपारी त्र्यंबकरावांच्या पायांत गोळे आले. सुमित्राबाईंनी त्यावर उपाय म्हणून काचेच्या बाटलीतलं सलाइन नळीत सोडलं आणि तेवढ्यात स्वयंपाकघरातला फोन वाजला. बाटलीच्या नळीला चिमटा लावून ती बंद करायची राहिली.

परत आल्या तेव्हा बाटली रिकामी होती. पंप शांतपणे हवा ओढत होता. त्र्यंबकराव खोकत होते.

"छातीवर कुणीतरी बसलंय गं," ते म्हणाले. जीभ जड झाली होती.

हाताकडे जाणाऱ्या नळीत, लाल रक्तातून पांढरा फेस सरकत होता.

सुमित्राबाईंनी नळी आवळली, पंप बंद केला. खुर्चीची पाठ मागे पाडून त्यांना डाव्या कुशीवर वळवलं, डोकं खाली, पाय उशांवर. मग अँब्युलन्सला फोन केला.

"अहो, इकडे बघा."

डोळे उघडे होते, पण ते बघत नव्हते.

हॉस्पिटलात तिसऱ्या दिवशी त्यांना वाचा आली. उजवा हात मात्र उचलता येत नव्हता. नर्सने विचारलं, अलार्म कसा वाजला नाही? ती गेल्यावर त्र्यंबकराव म्हणाले, "मीच तार बदलून तो बंद केला होता."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू घाबरली असतीस."

"चिमटा माझा राहिला, ते मी नाकारत नाही," सुमित्राबाई म्हणाल्या. "पण घाबरले असते, तर तुम्हाला सोडून फोन घ्यायला गेले नसते."

मशीन त्यांनी परत पाठवलं. आता आठवड्यातून तीनदा त्या त्यांना डायलिसिस सेंटरवर ड्राइव्ह करून नेतात. चार तास काचेपलीकडे उभ्या राहून नळीकडे बघत असतात. तिथल्या नर्स खुर्ची देतात, पण त्या बसत नाहीत.