मागच्या सीटवरचा म्हातारा

मी बसमधला तिकीट तपासनीस. एकोणीस वर्षं झाली. माणसं तिकीट का काढत नाहीत याची जेवढी कारणं मी ऐकलीत, तेवढी कुणा न्यायाधीशानेही ऐकली नसतील. सुट्टे नव्हते. पुढच्याच थांब्यावर उतरायचं होतं. रोज काढतो, आजच राहिलं. आणि सगळ्यात डोक्यात जाणारं म्हणजे, "साहेब, मी बसलो काय, न बसलो काय, गाडी तशीही जाणारच होती." हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. मी पावतीपुस्तक काढतो आणि दंड लिहितो. कोणाची गय करत नाही. नोकरीच्या पहिल्याच वर्षी सख्ख्या धाकट्या बहिणीला मी भर रस्त्यात बसमधून उतरवलं होतं. दहा वर्षांची होती ती. डेपोत नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी हा किस्सा सांगतो.

संध्याकाळी घरी आलो की बूट काढायचे आणि कॉम्प्युटरवर गेम खेळत बसायचं, हा माझा एकमेव नाद. आजवर एकही गेम विकत घेतला नव्हता. डेपोतला स्टोअरकीपर पेन ड्राइव्हवर आणून द्यायचा, आणि प्रत्येक गेमबरोबर थोडं तत्त्वज्ञानही द्यायचा. कंपन्या गडगंज आहेत, त्यांना काय फरक पडतो. आवडला तर घेऊच की नंतर. आपण दुकानातून काही उचललं का? त्यांची वस्तू त्यांच्याकडेच आहे, आपण नुसती नक्कल केली. मी मान डोलवायचो, पेन ड्राइव्ह खिशात टाकायचो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बिनतिकीट माणसाला झाप झाप झापायचो. दोन्ही गोष्टी माझ्या एकाच डोक्यात शेजारी राहत होत्या, पण त्यांची ओळख कधी झाली नव्हती.

त्यातच धाकटीने स्वतःचा गेम बनवला. विमा कंपनीतली चांगली नोकरी सोडून, एका चित्रकार मित्राबरोबर, लाँड्रीच्या वरच्या खोलीत चार वर्षं बसून. गेममध्ये आपण एका लहान गावातली बस चालवायची. लोक चढतात, बोलतात, उतरतात, आणि त्यांच्या बोलण्यातून कोणाच्या घरात काय चाललंय ते हळूहळू कळतं.

"यात मारामारी कधी सुरू होते?" मी विचारलं होतं.

"होतच नाही, दादा."

गेम बाजारात आला त्या दिवशी तिचा फोन आला. "महिनाभर बघणार. नाही चालला तर परत विमा कंपनी. त्यांनी तेवढ्यापुरती जागा धरून ठेवलीय." मग जरा चाचरत म्हणाली, "तू घेशील ना? बाकी कुणाचं काही असो, तुझं मत मला हवंय."

"घेतलाच समज," मी म्हणालो.

आणि खरंच घेणार होतो. पण वेबसाइटला कार्डाचा नंबर हवा, मग कोड हवा, तो कोड बायकोच्या फोनवर, आणि बायको बाजारात. दुसऱ्या दिवशी स्टोअरकीपर हसत आला. "तुझ्या बहिणीचा आलाय बघ." खोटं कशाला बोलू, क्षणभर टोचलं. पण म्हटलं, घरचीच तर आहे. सख्ख्या भावाने बहिणीला पैसे मोजायचे, हे परक्यासारखं नाही का वाटणार? शिवाय मधल्या मध्ये वेबसाइट हिस्सा खाणार. त्यापेक्षा कधीतरी तिच्या हातात काहीतरी ठेवू. मी पेन ड्राइव्ह खिशात टाकला.

गेम झकास होता. फक्त एक भानगड होती. तिसऱ्या थांब्यावर तपकिरी स्वेटर घातलेला एक म्हातारा चढायचा, मागच्या सीटवर बसायचा आणि उतरायचाच नाही. तिकीट नाही. मी हॉर्न वाजवला, करकचून ब्रेक मारले, डेपोत वीस मिनिटं गाडी बंद करून ठेवली. बस थेट पोलीस चौकीसमोर नेली, तर त्याने हवालदाराला हात केला. वर दर फेरीला तो थोडा रुंद होत होता. पहिल्या आठवड्यात एक सीट, दुसऱ्यात दोन. आणि तोंड अखंड चालू. सुट्टे नाहीत. पुढच्याच थांब्यावर उतरायचंय. एक दिवस म्हणाला, "गाडी तशीही जाणारच होती," आणि मी टेबलावर इतक्या जोरात हात आपटला की बायको धावत आली.

"अहो, कुणाशी भांडताय?"

"बिनतिकीट आहे!" मी ओरडलो. ती परत गेली.

पहिल्याच आठवड्यात धाकटीचा फोन आला होता. "दादा, तिसरा थांबा झाला का? काही वाटलं का?"

"वाटलं ना. भयंकर राग आला."

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला. बोलणं एवढं तुटक का, हे काही मला कळलं नाही.

महिना संपता संपता, एका रविवारी, आईने सगळ्यांना जेवायला बोलावलं. चित्रकारही आला होता. धाकटी ताटात नुसती बोटं फिरवत होती. विकलेल्या प्रतींचा आकडा आईने विचारला नाही, तिने सांगितला नाही. उद्या सोमवारी तिला विमा कंपनीला उत्तर द्यायचं होतं.

"दादा," ती म्हणाली, "तुला राग आला म्हणालास. तो तिसऱ्या थांब्यावरचा माणूस काढून टाकू का?"

"काढूनच टाक. इतका निर्लज्ज माणूस मी जन्मात पाहिला नाही."

तिचा चेहरा पडला. "निर्लज्ज? मला तर तो फार आवडतो."

"तुला आवडत असेल. मी तीन आठवडे त्याला उतरवतोय."

"पण तो तर आपणहून उतरतो."

"कसला उतरतोय! अख्खी मागची सीट अडवून बसलाय. स्वेटर घालून."

चित्रकाराला ठसका लागला. आईने पाणी पुढे केलं. धाकटी माझ्याकडे बघत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "तपकिरी स्वेटर?"

"तोच तो."

"दादा, तो म्हातारा विकतच्या गेममध्ये नाहीये. चोरून पसरवणारे पसरवणारच, म्हणून तशी एक प्रत आम्हीच आधी इंटरनेटवर सोडून दिली. तो फक्त त्यातच आहे. त्याची सगळी वाक्यं तू जेवताना सांगायचास, तिथूनच मी घेतलीत."

माझा घास हातातच राहिला. बायको छताकडे बघायला लागली.

"मी घेणारच होतो," मी म्हणालो. "तो कोड आला नाही. पुढच्या आठवड्यात नक्की... आणि हे बघ, मी घेतला काय, न घेतला काय, तुझा गेम तर तसाही..."

तिथे मी थांबलो, पण उशीर झाला होता. पुढचं वाक्य टेबलाभोवतीच्या प्रत्येकाला पाठ होतं.

"नुसतं मागितलं असतंस तरी दिला असता," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "मी तीन आठवडे समजत होते, तू माझ्यावर रागावलायस. इतकी लाज वाटत होती मला."

एवढी शरम मला कधी वाटली नव्हती. मी विचारलं, "त्याला उतरवायचं कसं?"

"तिकीट काढ."

जेवण झाल्यावर तडक घरी आलो. बायकोने कोड वाचून दाखवला, पुन्हा एकदा वाचला, आणि तिसऱ्यांदा काही गरज नसताना वाचला. मी गेम सुरू केला. तिसऱ्या थांब्यावर दप्तर पाठीला लावलेली एक मुलगी चढली. तिच्यामागून एक काडीपहिलवान तपासनीस चढला. कोवळी मिशी, ढगळ युनिफॉर्म. मुलीकडे तिकीट नव्हतं. त्याने तिला उतरवलं.

इथपर्यंतचा किस्सा मी डेपोत सांगतो. पुढचं कधीच सांगत नाही, कारण ड्यूटी सोडल्याबद्दल त्या दिवशी मला मेमो मिळाला होता. गेममधला तपासनीसही तिच्या मागोमाग खाली उतरला. तिचं दप्तर त्याने स्वतःच्या खांद्यावर घेतलं, आणि दोघं रस्त्याच्या कडेने घराकडे चालायला लागले. बस पुढे निघाली तरी आरशात ती दोघं वळणापर्यंत दिसत होती. मी तो थांबा तीनदा खेळलो आणि तिन्ही वेळा रडलो.

मग फोन लावला. "तिसरा थांबा झाला."

"राग आला?"

"नाही. पण युनिफॉर्म फारच ढगळ दाखवलायस."

"होताच तेवढा," ती म्हणाली. मग तिनेच सांगून टाकलं, "विमा कंपनीला आणखी एक महिना थांबायला सांगते."