नंदीचा डावा कान

आमच्या डोंगरावरच्या देवळातल्या नंदीला डावा कान नाही. देऊळ इतकं जुनं आहे, की ते कोणी बांधलं हे गावात कोणालाच माहीत नाही आणि त्याची कोणाला फिकीरही नाही. पण कान कसा गेला हे मात्र प्रत्येकाला माहीत आहे, आणि प्रत्येकाला वेगळं माहीत आहे.

पुजारीबुवा सांगतात, नंदी पहाऱ्यावर असताना पेंगला, म्हणून खुद्द महादेवाने त्याचा कान पिरगाळला. देवाचा हात जरा जड, त्यामुळे कान हातातच आला. समोरचा चहावाला सांगतो, की त्याचा खापरपणजोबा वादळात नंदीच्या आडोशाला लपला होता आणि त्याच्यावर कोसळणारी वीज नंदीने आपल्या कानावर झेलली. हा खापरपणजोबा दर हंगामात थोडा थोडा शूर होत चालला आहे. मी लहान असताना तो नुसता लपायचा; हल्ली तो विजेला दोन शब्द सुनावतो.

आणि माझी आत्या सांगते, की आमच्या घराण्यात फार पूर्वी एक आजी होऊन गेली. ती रोज सकाळी येऊन सासूची गाऱ्हाणी नंदीच्या डाव्या कानात सांगायची. सासूला आयुष्य दांडगं होतं. शेवटी कानानेच हाय खाल्ली आणि तो गळून पडला.

मी नंदीच्या शेजारी लोकांच्या चपला सांभाळते, त्यामुळे ही गोष्ट मी दिवसातून किती वेळा ऐकते ते विचारू नका. माझे दोन्ही कान अजून जागेवर आहेत, हा खरं तर मोठा चमत्कार आहे.

आत्या सकाळीच डबा, पाण्याची बाटली आणि सतरंजी घेऊन नंदीच्या डाव्या बाजूच्या पायरीवर येऊन बसते. तिचे यजमान, आमचे काका, गेल्यापासून घरात तिचं ऐकायला कोणी उरलेलं नाही. ती बोलायला लागली, की सून नळ मोठा सोडते आणि मुलगा मोबाइलमध्ये बघत "हो हो" म्हणतो. पायरीवर मात्र चढण चढून दमलेली माणसं टेकतात, आणि दमलेल्या माणसाला पळता येत नाही.

अशात देवस्थान समितीने ठरवलं, की देवळाच्या इतिहासाची एक पक्की पाटी लावायची. शहरातून एक संशोधक येऊन कान तपासणार आणि ते सांगतील तेच पाटीवर लिहिलं जाणार.

"एकदा पाटी लागली, की कोणी पायरीवर बसून काहीबाही सांगायचं नाही," समितीचा चिटणीस म्हणाला. चिटणीस म्हणजे तोच चहावाला. "पायरीही मोकळी होईल. तिथे दोन खुर्च्या टाकू."

खुर्च्या कोणाच्या गिऱ्हाइकांसाठी, हे कोणी विचारलं नाही.

त्या दिवशी घरी जाताना आत्या एक शब्दही बोलली नाही. मी घाबरले. "आत्या, बरं वाटत नाही का गं?"

"मला काय धाड भरलीय?" ती म्हणाली. मग डबा दुसऱ्या हातात घेत म्हणाली, "पायरी गेली तर मी बोलू कोणाशी? नळाशी?"

तिच्या बडबडीला मी सर्वांत जास्त वैतागते, पण ती गप्प झालेली मला अजिबात नको होती.

संशोधक आले ते टेप, ब्रश आणि भिंग घेऊनच. शिडशिडीत, नीटनेटका माणूस. बूट माझ्याकडे देताना त्यांनी लेससुद्धा आत खोचून दिल्या. त्यांनी आधी नंदीची उजवी बाजू मापली. शिंग, कान, खांदा, सगळं सुबक अक्षरात उतरवून घेतलं. मग ते डाव्या बाजूला आले, तेव्हा सगळं गाव श्वास रोखून उभं होतं.

त्यांनी भिंग लावलं, बोटं फिरवली आणि म्हणाले, "इथे तुटलेलं काहीच नाही. छिन्नीचे कच्चे घाव आहेत. हा कान कधी कोरलाच गेला नाही. कारागीर काम अर्धवट टाकून गेला."

पुजारीबुवांचा देव निर्दोष सुटला होता. चहावाल्याच्या खापरपणजोबाला आता घाबरायला वीजच उरली नव्हती. आत्या उठली आणि सतरंजीची घडी घालायला लागली. मी तिचा डबा उचलला.

घडी अर्ध्यावर असतानाच ती थांबली.

"साहेब, तो कारागीर कान कोरायला कुठे बसला असेल हो?"

"इथेच. या पायरीवर."

"आणि मागे हे दार कोणाचं?"

साहेबांनी वळून पाहिलं. "कोणाचं?"

"आमच्या जुन्या घराचं! आता आम्ही खाली राहतो, पण तेव्हा सगळे इथेच होते." आत्याने सतरंजी पुन्हा पसरली. "म्हणजे आजी नंदीशी बोलतच नव्हती. मी उगाच त्या मुक्या जनावराला मध्ये ओढलं. ती त्या कारागिराशी बोलत होती!"

"याला पुरावा नाही, बाई," साहेब टेप लावत म्हणाले.

"सांगते ना. बसा."

मग तिने आजीची सासू सांगितली. सासूची बहीण सांगितली. बहिणीची मारकी गाय, गाईवरून झालेलं भांडण सांगितलं आणि त्या भांडणातून ती काकांच्या गुडघेदुखीपर्यंत पोहोचली, तेही कुठे न अडखळता. साहेब माप घ्यायचे, आकडा लिहायला जायचे आणि विसरायचे. पुन्हा टेप लावायचे. "हं, तर गुडघा," आत्या म्हणायची. त्यांच्यासाठी आणलेला चहा गार झाला. दरीतून धुकं वर आलं, तेव्हा साहेबांनी त्याच्याकडे मोठ्या आशेने पाहिलं, पण आत्याचा आवाज धुक्यातही स्वच्छ ऐकू येतो.

शेवटी ते ताडकन उठले. "मला खाली जायची गाडी गाठायची आहे."

"गाडीला अजून पुष्कळ अवकाश आहे," मी म्हणाले.

"मग मी चालत जातो!"

आणि ते गेले. नुसत्या मोज्यांवर गेले. मला बूट घेऊन वळणापर्यंत धावावं लागलं. मी परत आले, तर सगळे नंदीभोवती तसेच उभे होते. डाव्या शिंगाला साहेबांचा टेप लोंबत होता. चहावाल्याने टेपकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं, मग खाली जाणाऱ्या वाटेकडे पाहिलं.

"असाच गेला असणार तो कारागीर," पुजारीबुवा हळूच म्हणाले.

पुढे पाटी आली. मोठी, देखणी आहे. उजव्या कानाची लांबी, रुंदी, घडण, सगळं तिच्यावर आहे. सगळ्यात खाली लिहिलं आहे: "डावा कान कारागिराने अपूर्ण सोडला. कारण अज्ञात. डाव्या बाजूची मापे घेता आली नाहीत."

येणारी माणसं पाटी वाचत वाचत शेवटच्या ओळीशी येतात आणि हमखास विचारतात, "का घेता आली नाहीत?" चहावाला पायरीकडे बोट दाखवतो. आत्या सतरंजी झटकते आणि थोडी सरकून जागा करते.

"बसा," ती म्हणते.

मी त्यांच्या चपला जरा हाताशीच ठेवते.