सात एकांची ओळ

सगुणाबाईचे सासरे हैबती तरुणपणी पलटणीत होते. तिथल्या शाळेत मास्तरांनी त्यांना मूळ संख्या शिकवल्या. एक आणि ती स्वतः सोडून कशानेच निःशेष भाग जात नाही, अशा. हैबती त्यांना एकांडे म्हणत. मास्तरांनी एकदा ओळीने सात एक मांडले, अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा, आणि विचारलं, हा एकांडा आहे का? उत्तर मिळायच्या आत पलटण हलली.

पोलादपूरच्या वरच्या वाडीत परतल्यावरही हैबती गुरांमागे बसून भागाकार करत. मग दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरले आणि ते थांबलं.

सगुणाबाईचा नवरा रामजी मुंबईला गिरणीत होता. घरात सासरा आणि सून. गप्प बसलेला म्हातारा तिला बघवेना. एके दिवशी तिनेच म्हटलं, मामा, मला आकडे शिकवा. शेजारची रखमा पाणवठ्यावर हसली, पण हैबतींनी राखेत बोटाने एक काढून दाखवला.

पुढे ती अंगणातल्या कातळावर कोळशाने भागाकार मांडू लागली. ती मोठ्याने म्हणे, ते मनात पडताळत. भागायचं ते एकांड्यांनीच. सहाने कशाला, दोन आणि तीन होऊन गेले ना, असं ते समजावत. दर वेळी काहीतरी बाकी उरायची आणि हैबती खुशीत म्हणायचे, धर पुढचा. नाचणी लावून झाली, कापून झाली, तरी ओळ तशीच उभी.

मग दोनशे एकोणचाळीसची पाळी आली. शेवटी खाली शून्य आलं. तिने पुन्हा करून पाहिलं.

"मामा, बाकी नाय उरली."

जुना सोबती उठून गेल्यासारखा हैबतींचा चेहरा झाला. मग त्यांनी भागाकार किती आला ते विचारलं. चार हजार सहाशे एकोणपन्नास, ती म्हणाली. तो तरी एकांडा आहे का, पहिल्यापासून भागून बघू, असं ते घाईने बोलले.

तिने कोळसा उचलला आणि तशीच राहिली. गप्प राहून मांडत बसली असती, तर म्हाताऱ्याचे आणखी काही दिवस बरे गेले असते. पण त्यांना फसवणं तिला जमेना.

"त्याला भागायला नको, मामा. लहान एकांड्यानं तो तुटला असता, तर सात एकांचा मोठा आकडा तेव्हाच तुटला असता. ते सगळे बघून झालेत."

हैबतींनी मान तिच्याकडे वळवली.

"हे मी नव्हतं गो शिकवलं तुला," ते म्हणाले, आणि इतके हसले की डोळे पुसावे लागले.

त्या संध्याकाळी दोघांनी पुढच्या ओळी घेतल्या. आठ एकांची अकराने तुटली, नवांची तिनाने, दहांची पुन्हा अकराने. अकरा एकांची मात्र तुटेना. ती तुटायच्या आधीच हैबती गेले.

आता सगुणाबाई परळच्या चाळीत राहते. दुपारी नळ गेला, बायका आडव्या झाल्या, की ती फरशीवर खडूने अकरा एक मांडते. भागाकार मोठ्याने म्हणायची सवय अजून गेलेली नाही.