माझी सोनेरी पाठ

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. जुना म्हणजे अगदी जन्मापासूनच जुना! माझा डबा पेणच्या भंगारवाल्याकडचा, पडदा रोह्याच्या बंद पडलेल्या सायबर कॅफेतला आणि माहिती साठवायची डिस्क कुठल्याशा ऑफिसातून बाद झालेली. कॉलेजात शिकणाऱ्या सुरभीने हे सगळं हौसेने जोडलं आणि जोहे गावात, आपल्या वडिलांच्या गणपती कारखान्यातल्या एका कोपऱ्यात मला बसवलं. मूर्ती वाळवायची फळी हेच माझं टेबल. नव्या संगणकांपुढे मी म्हणजे ठिगळांची गोधडी. पण ऊब गोधडीचीच, असं मी तेव्हा छातीठोकपणे सांगितलं असतं.

मला जोडलं ते एका कामासाठी. सुरभीचे आजोबा, सखा, मूर्तींचे डोळे आखायचे. त्यांच्या ब्रशची ओढ पडली की मूर्ती तुमच्याकडे बघू लागायची. पण त्यांचा हात थरथरू लागला होता. तो पुरता थांबण्याआधी सुरभीने त्यांच्या हातांचे व्हिडिओ काढले आणि माझ्यात ठेवले. तिला ती आखणी शिकायची होती. व्हिडिओ थांबवत थांबवत ती पाटीवर डोळे गिरवायची. पुढे आजोबांनी ब्रश खाली ठेवला तो कायमचाच. आता त्यांचे हात फक्त माझ्याजवळ होते.

मग सुरभीने कमी खर्चात संगणक जोडणाऱ्यांच्या एका ग्रुपवर माझे पुढून-मागून फोटो टाकले. रंगीत दिवे लावलेला मी, शेजारी रंगाच्या वाट्या, मागे पांढऱ्या मूर्तींची रांग. कौतुक ऐकून मीही फुगलो. माझ्या पाठीची ओबडधोबड भोकं पाहून एकाने मात्र लिहिलं, 'समोरून राजा, मागून काय अवतार!' सुरभी हसली. तिचे वडील जगन हसले नाहीत. मूर्तीची पाठ भिंतीकडे जाणार हे ठाऊक असूनही ती समोरच्याइतकीच घासूनपुसून देणारा तो माणूस. त्यांना तो बोल लागला.

सुरभी परीक्षेसाठी रोह्याला मावशीकडे गेली, तसं त्यांनी मला फळीवर उलटं फिरवलं.

"बाबा, पाठ अर्धवट ठेवून आपल्या कारखान्यातून कधी मूर्ती गेली हाय काय?" ते आजोबांना म्हणाले. "पोर येऊन बघंल तं खूश होईल. आन् आत धूळ पन नाय जायची."

त्यांनी प्लास्टर कालवलं, वायरींच्या जागा तेवढ्या सोडून माझ्या पाठीची सगळी भोकं बुजवली, काचपेपरने गुळगुळीत केली आणि वर सोनेरी रंग दिला. मित्रांनो, ती भोकं म्हणजे माझं नाक होतं. पण हे सांगायला मला तोंड कुठे होतं?

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकं आली. जगननी मोठ्या अभिमानाने आजोबांचे व्हिडिओ लावले आणि दिवसभर चालूच ठेवले. माझ्या आत भट्टी पेटली. पंखा घोंघावू लागला. "जोरात चाललाय गडी!" ते कौतुकाने म्हणाले. पडदा काळा झाला, त्यांनी पुन्हा चालू केलं. पुन्हा काळा, पुन्हा चालू. शेवटी डिस्क खटखट करून गप्प झाली.

परीक्षा संपवून परतलेल्या सुरभीने मला पेणला नेलं; तिथल्या दुरुस्तीवाल्याने मला उघडून पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली. "आतलं सगळं दुसरीकडं पन ठेवलंय ना?" त्याने विचारलं. सुरभीचं ठेवू, ठेवू म्हणता राहूनच गेलं होतं.

घरी आल्यावर जगन कोरणी घेऊन माझं एकेक भोक मोकळं करत बसले. "माज्या हातानं केलं गो," एवढंच ते बोलले. सुरभीने त्यांना शब्दानेही दुखावलं नाही. मला वाटतं, ती ओरडली असती तर त्यांना सोपं गेलं असतं.

आता माझ्या पाठीतून वारा खेळतो. आत काही उरलेलं नाही. मित्रांनो, जुन्या यंत्राला सजवा, खुशाल मिरवा, पण त्याचा श्वास कोंडू नका. आणि जे पुन्हा मिळणार नाही, ते माझ्यासारख्या एकट्याच्या भरवशावर सोडू नका.

आजोबांना यातलं कुणीच काही सांगितलेलं नाही. कारखान्यात पाहुणा आला की ते त्याला व्हिडिओ बघायला माझ्यापुढे आणून बसवतात.

"सुरभी, माजं हात लाव गो."

"लाईट नाय, आजोबा," सुरभी म्हणते.

आजोबा मान वर करून डोक्यावर गरगर फिरणाऱ्या पंख्याकडे बघतात. मग हळूच म्हणतात, "व्हय गो, नाय लाईट."