पारड्याखालचे शिसे

मित्रांनो, मी एक जुना तराजू आहे आणि मला एका माणसावर सूड उगवायचा आहे. तराजूने असे बोलू नये, तो कसा कुणाच्या अध्यात ना मध्यात असावा, असे लोक म्हणतात. हे मी फार वर्षे निमूटपणे ऐकून घेतले.

माझी घडण ताश्कंदच्या एका कारखान्यात झाली. दोन पितळी पारडी, लोखंडी दांडी, मध्ये काटा. पारडी रिकामी असली की माझा काटा बरोबर मध्यावर उभा राहायचा. त्याचा मला केवढा अभिमान होता! तिथून मी फरगाना खोऱ्यातल्या एका सामूहिक शेतावर कापूस तोलायला गेलो. तेव्हा सोव्हिएत राजवट होती.

तिथे हमरोकुल नावाचा तरुण मापाडी होता. बायका कमरेच्या फडक्यात कापूस वेचून आणायच्या आणि हा प्रत्येकीचे वजन दवापोटी थोडे कापायचा. भर दुपारी, ऊन मी म्हणत असतानाही दव! तेवढ्याने त्याचे भागेना. एके दिवशी त्याने मापांच्या पारड्याखाली अक्रोडाएवढे शिसे चिकटवले. त्या दिवसापासून माझ्याकडून रोज खोटे वदवून घेतले गेले. लाटलेला कापूस तो शेतप्रमुखाच्या सुनांच्या नावावर लावायचा. त्या सुना शेतात कधी फिरकायच्याही नाहीत.

ओयदिन ओपा, म्हणजे ओयदिन ताई, त्या शेतावरची सर्वांत चपळ वेचणारी. बोंडांच्या टोकांनी तिची बोटे कायम चिरलेली असायची.

"हमरोकुल, माझे हात थकले, का तुझा तराजू?" तिने एकदा विचारले.

"ओपा, तराजू कुणाचा सगा नसतो. तोंड कमी चालवा, हात जास्त."

संध्याकाळी भोंग्यावरून कामचुकारांची नावे वाचली गेली आणि त्यात तिचे नाव होते. ती मान खाली घालून सगळ्या गावासमोर उभी राहिली. मित्रांनो, मला वाचा असती तर मी तिथेच किंचाळलो असतो. त्या क्षणी मी हमरोकुलला मनात पक्के धरून ठेवले.

त्याचे मात्र भले झाले. शेतप्रमुखाच्या शिफारशीवर तो महाविद्यालयात शिकायला गेला आणि पुढे तिथेच अर्थशास्त्राचा अध्यापक, म्हणजे हमरोकुल दोमला झाला. आठवण म्हणून त्याने मला सोबत नेले आणि वर्गातल्या टेबलावर ठेवले. शिसे तसेच होते. ते काढायला मला उलटे करावे लागले असते, आणि कुणी पाहिले असते तर? म्हणून त्याने हलक्या पारड्यात खडीसाखरेचा एक मोठा खडा ठेवला. काटा मध्यावर आला.

मग तो दोन्ही पारड्यांत सारखी मापे ठेवून शिकवायचा, "पाहा, सरकारी योजना अशी समतोल असते. शास्त्र कुणाची बाजू घेत नाही." राजवट बदलली. आता तो म्हणू लागला, "पाहा, बाजार असा समतोल असतो. शास्त्र कुणाची बाजू घेत नाही." खडीसाखर तीच, मीही तोच. एका बाजूला साखर जास्त आहे हे सगळ्यांना दिसत होते, पण कुणी विचारले नाही. पाहुण्यांसाठी ठेवली असेल, असेच सगळे समजले.

विचारले ते सोहिबा नावाच्या एका विद्यार्थिनीने. "दोमला, मापं सारखी आहेत, मग साखरेचं वजन कुठं गेलं?"

"पोरी, शास्त्र कडू असतं. तोंड गोड राहावं म्हणून आहे ती."

वर्ग हसला. सोहिबा हसली नाही. तिने आपला शेवटचा प्रबंध त्याच विचारावर लिहिला: हिशेबाला बसण्याआधीच कुणीतरी ठरवलेले असते, काय मोजायचे, काय सोडायचे आणि कुणाच्या भल्यासाठी. दोमला तो वाचून म्हणाला, "हे राजकारण झालं, अर्थशास्त्र नाही." त्याने तिला तोंडी परीक्षेत नापास करायचे ठरवले. नापास झाली तर तिचे शिक्षण संपणार होते, कारण तिच्या काकाने एवढीच एक संधी कबूल केली होती.

परीक्षक म्हणून ताश्कंदहून मुकद्दम ओपा आल्या. वयस्कर बाई, चष्म्यावरून पाहणाऱ्या. हिरवा चहा आला. दोमला मला थोपटत म्हणाला, "दहा हंगाम मीच तोललं यावर. दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नाही. आणि ही मुलगी म्हणते, तराजूही बाजू घेतो."

"बरं," मुकद्दम ओपा म्हणाल्या. आमच्याकडे पाहुण्यासमोर पितळी ताटलीत खडीसाखर आली की ती पाहुण्याचीच. त्यांनी माझ्या पारड्यातला खडा सहज उचलला आणि फोडून त्याचा एक तुकडा चहासोबत तोंडात टाकला.

मित्रांनो, मी धाडकन कललो. इतक्या वर्षांचा सगळा राग घेऊन कललो. मापांचे पारडे टेबलावर आपटले.

"सोहिबा, ते पारडं उलटं कर बघू," मुकद्दम ओपा शांतपणे म्हणाल्या.

तिने उलटे केले. शिसे काळे पडले होते, पण होते.

"दुसऱ्या कुणाचा हात लागला नाही म्हणालात ना, दोमला?"

त्याचा चेहरा उतरला. ओयदिन ओपाचा उतरला होता, अगदी तसाच. मी तो डोळे भरून पाहिला. मला दया आली नाही.

सोहिबा पास झाली. आज त्या वर्गात ती शिकवते आणि पहिल्याच तासाला नव्या मुलांना मला उलटे करून पाहायला लावते.

मध्यंतरी म्हातारा हमरोकुल काठी टेकत आला. "पोरी, आता तरी ते शिसं काढ. लोक माझ्या नातवंडांना बोलतात."

"काढते की, दोमला. त्या बायकांच्या गावात जा. जिथं भोंगा वाजायचा तिथं उभे राहा आणि त्यांची नावं मोठ्यानं घ्या. कामचुकार म्हणून नव्हे. परत आलात की लगेच काढते."

तो अजून गेलेला नाही. म्हणून तुम्हाला एकच विनंती. मला पुसत जा, दांडीला तेल देत जा, ओलीत ठेवू नका. तो जाईपर्यंत मला गंजून चालणार नाही.