मुंजाजीच्या नावापुढचे दोन

सोमवार हा खालच्या गल्लीच्या पाण्याचा वार. त्या सोमवारी गल्लीत एकाही नळाला पाणी आलं नाही. दहा वाजता ग्रामपंचायतीत सरपंच तात्याराव, टाकीवरचा वाल, म्हणजे पाण्याचा व्हॉल्व्ह, सोडणारा मुंजाजी आणि संगणकापुढे शुभदा असे तिघे होते. मुंजाजीला कामावर ठेवायचं की काढायचं, हे ठरायचं होतं.

शुभदाने पाणीपुरवठ्यासाठी एक प्रोग्राम लिहिला होता. काय घडलं ते त्याला सांगायचं. कशामुळे घडलं असेल ते तो शोधायचा. प्रत्येक अंदाजाला किंमत होती. सहज पटणारा अंदाज स्वस्त, न पटणारा महाग. एका अंदाजाने भागलं नाही तर दुसरा जोडून बेरीज करायची. सगळ्यात कमी बेरीज ते उत्तर.

पडद्यावर आलं होतं: मुंजाजीने वाल सोडला नाही, दोन. पाइपात अडथळा, नऊ.

"मशीनच सांगायलंय," तात्याराव म्हणाले. "आता बोल."

"तात्या, पाचला सोडला की वाल. मशीन काय माझ्यासंगं आलतं का टाकीवर?"

"मागच्या वर्षी एकदा झोपून राहिलात, म्हणून दोन," शुभदा म्हणाली. "लाइन नवी, म्हणून नऊ."

"मेव्हणीची हळद होती ताई. एकदाच."

"हळद मेव्हणीला, तहान गल्लीला," तात्याराव म्हणाले.

शुभदाला सकाळचं आठवलं. ती रोज परभणीहून बसने यायची. सकाळी फाट्यावर उतरून ती रांजणातलं पाणी प्यायली होती. ते अजून गार झालेलं नव्हतं, म्हणजे आजच भरलेलं. रांजण भरलेला असतोच, म्हणून ते नोंदवावं असं कुणालाच सुचलं नव्हतं.

"फाट्यावरचा रांजण कोण भरतं?"

"बायनाबाई," मुंजाजी म्हणाला. "वारलेल्या मालकाच्या नावानं. पाण्याच्या वारी शिळं लिंबाला घालायचं, नळाची पहिली घागर रांजणात. फाट्याचा नळ आपल्याच लाइनीवर हाय, गल्लीच्या अलीकडं."

"आज पाणी हापशावरून आणलं असेल तर?"

"लय लांब हाय. सत्तरीची बाई, त्यात गुडघा."

शुभदाने रांजण भरल्याची नोंद घातली. वाल बंद असेल, तर बायनाबाईने पाणी हापशावरून आणलं असंही मानावं लागत होतं. त्याची किंमत तिने आठ लिहिली. दोन आणि आठ, दहा. अडथळा एकटाच, नऊ.

"एका आकड्यानं वाचला?" तात्यारावांनी विचारलं.

"एकाच. खोदून बघा."

दुपारी फाट्यापुढच्या वळणावर पाइप उघडला. आत गोणपाटाचा बोळा होता.

शुभदाने नऊचे पाच केले आणि प्रोग्रामने विचारायच्या प्रश्नांच्या यादीत रांजणाचा प्रश्न सगळ्यात वर घेतला. मुंजाजी मागे उभा राहून बघत होता.

"माझं दोन तसंच ठेवलं की ताई."

"वर्षभर वेळेवर उठा. मग वाढवते."

मुंजाजीने कोनाड्यातली वालाची चावी घेतली आणि टाकीकडे निघाला.